मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न: गाडी, गेम आणि फोन

माझ्या शेजारच्या सीटवर बसणारे, माझ्यासोबत गेम खेळायला बसणारे आणि माझा फोन वाजत नाही म्हणून वैतागणारे, असे सगळे गेली कित्येक वर्षं मला तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढलं. मतं माझी आहेत आणि मी ती मनापासून धरून आहे. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट सापडेल: यंत्राकडे न बघता हात बरोबर जागी गेला पाहिजे, म्हणजे डोळे आणि डोकं खऱ्या कामाला मोकळे राहतात.

इतकी जुनी गाडी अजून का वापरतेस? नव्या गाडीत केवढा मोठा स्क्रीन मिळतो!

त्या स्क्रीनमुळेच. माझ्या गाडीत एसीचे तीन गोल नॉब आहेत. डावीकडच्या नॉबवर नखाएवढा एक उंचवटा आहे. तो सरळ वर असला की हवा मध्यम, उजवीकडे कलला की गरम. पावसात समोरच्या काचेवर वाफ धरायला लागली की हात आपोआप तिथे जातो, दोनदा ‘टक’ असं बोटाला लागतं आणि काच निवळायला लागते. नजर रस्त्यावरून हलत नाही. हेच काम मी एका नव्या गाडीत करून पाहिलं. आधी मेन्यू उघडा, मग हवेचं चित्र शोधा, मग सपाट काचेवर बोट सरकवा. त्यात गाडी खड्ड्यात आपटली की बोट भलतीकडेच पडतं.

हा फक्त माझ्या सवयीचा प्रश्न नाही. स्वीडनमधल्या ‘वी बिलेगारे’ या मासिकाने २०२२ मध्ये अनेक नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी व्होल्वो यांची तुलना केली. ताशी ११० किलोमीटर वेगाने गाडी चालवताना एसी, रेडिओ वगैरेंची ठरावीक कामं करायची आणि लागलेला वेळ मोजायचा. बटणांच्या जुन्या गाडीत ही कामं १० सेकंदांत उरकली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर पुढे गेली. सगळ्यात मागे पडलेल्या स्क्रीनवाल्या गाडीत त्याच कामांना ४५ सेकंदांच्या आसपास लागले, म्हणजे जवळजवळ १४०० मीटर. चालकांना गाड्यांची ओळख करून घ्यायला आधी वेळही दिला होता.

युरोपात गाड्यांची सुरक्षितता तपासून तारे देणाऱ्या ‘युरो एनकॅप’ संस्थेने २०२६ पासूनच्या नियमांत इंडिकेटर, हॅझार्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीची सोय, या पाच गोष्टींसाठी हाताला लागणारी स्वतंत्र बटणं किंवा दांड्या असाव्यात असं धरलं आहे. मला यात पंखा आणि काचेवरची हवा या दोन गोष्टीही हव्या होत्या. पण सुरुवात झाली, याचा खरोखर आनंद झाला.

म्हणजे गाडीत स्क्रीन नकोच?

असं नाही. रिव्हर्स कॅमेऱ्यासाठी स्क्रीन हवाच. मागे खेळणारं लहान मूल आरशात दिसत नाही, कॅमेऱ्यात दिसतं. नकाशासाठीही हवा. जे बघायचं ते स्क्रीनवर असावं आणि जे फिरवायचं-दाबायचं ते हाताला लागावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

नकाशा लावतेस, तर निघण्याआधी पाच मिनिटं त्याच्याकडे बघत का बसतेस?

मी आधी नकाशा उत्तर दिशा वर ठेवून पूर्ण रस्ता एकदा डोळ्यांखालून घालते. नदी कुठे ओलांडायची, मोठा रस्ता कुठे सोडायचा, शेवटचं वळण कोणत्या हाताला. मग आवाज चालू ठेवते आणि फोन बाजूला. ‘२०० मीटरवर डावीकडे’ असं ऐकलं की डोक्यातल्या चित्रात ते वळण आधीच असतं, त्यामुळे ऐन वेळी लेन बदलायची घाई होत नाही.

लंडनच्या टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी २००० साली दाखवलं की त्यांच्या मेंदूत जागा आणि रस्ते लक्षात ठेवायला मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. आपल्याला तेवढं पाठ करायची गरज नाही. पण प्रत्येक वळण दुसऱ्याने सांगायचं आणि आपण फक्त चाक फिरवायचं, असं चालवलं की तोच रस्ता दहाव्यांदा गेलो तरी अनोळखी राहतो. हा अनुभव मी घेतला आहे आणि तो मला आवडला नाही.

हँड्सफ्री असूनही गाडीत फोन का घेत नाहीस?

कारण हात मोकळे असले तरी डोकं मोकळं नसतं. काही वर्षांपूर्वी कामाचा एक फोन मी गाडीच्या स्पीकरवर घेतला होता. बोलणं वादाचं नव्हतं, साधी तारखांची जुळवाजुळव होती. फोन ठेवला तेव्हा माझं नेहमीचं वळण मागे पडलं होतं आणि मधले दोन सिग्नल हिरवे होते की लाल, हे मला काही केल्या आठवेना. मी थांबले असणार, नाहीतर कोणीतरी हॉर्न वाजवला असता. पण ‘असणार’ या शब्दाने पोटात गोळा आला. त्या दिवसापासून बंद.

कॅनडातले डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांचा १९९७ मधला अभ्यास प्रसिद्ध आहे. अपघात झालेल्या चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्यावर फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका साधारण चौपट दिसला, आणि हँड्सफ्री फोन हातातल्या फोनपेक्षा सुरक्षित असल्याचं काही आढळलं नाही.

लोक म्हणतात, मग शेजारच्या माणसाशी बोलतेस ते कसं चालतं? शेजारच्याला रस्ता दिसतो. समोर ट्रक आडवा आला की तो बोलता बोलता थांबतो, कधी कधी तर माझ्या आधी त्याचा पाय दचकतो. फोनवरच्या माणसाला यातलं काहीच कळत नाही, तो आपल्या वाक्याचं उत्तर मागत राहतो.

पुढच्या गाडीपासून एवढं अंतर कशाला? मध्ये कोणीही घुसतं.

घुसू दे. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पुढच्याचे लाल दिवे दिसले, मेंदूने ओळखले आणि पाय ब्रेकवर गेला, यात सहज दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच ३३ मीटर संपले. त्यानंतर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं: वेग दुप्पट, तर अंतर चौपट. म्हणून मी मीटर मोजत नाही, सेकंद मोजते. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी आली की मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन’ म्हणायचं. तीन पूर्ण होण्याआधी मी खांबापाशी पोचले तर जवळ आहे. पावसात चार-पाच.

मध्ये कोणी घुसलं की मी पाय थोडा सैल करते, पुन्हा तीन सेकंद होतात. दहा गाड्या घुसल्या तरी मला अर्ध्या मिनिटाच्या आसपास उशीर होईल.

दुसरं कारण मला त्याहून सुंदर वाटतं. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये २३० मीटर परिघाच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या. सगळ्यांना साधारण ताशी ३० ने एकसारखं चालवायला सांगितलं. सिग्नल नाही, खड्डा नाही, अपघात नाही. थोड्याच वेळात कोणीतरी किंचित हळू झालं, मागच्याने जरा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने त्याहून जास्त, आणि शेवटी काही गाड्या चक्क थांबल्या. ही थांबण्याची लाट गोलातून उलट दिशेने फिरत राहिली. मोठ्या रस्त्यावर आपण पंधरा मिनिटं रखडतो आणि पुढे गेल्यावर कारण काहीच सापडत नाही, त्यातल्या कितीतरी वेळा हेच घडलेलं असतं. माझ्या पुढे मोकळी जागा असली की पुढच्याचा दणका मी ब्रेक न लावता जिरवू शकते आणि माझ्या मागच्यांपर्यंत तो पोचत नाही. त्यांना हे कधी कळणार नाही, पण मला ते करायला आवडतं.

रस्त्यावर चिटपाखरू नसताना इंडिकेटर कोणासाठी देतेस?

मला न दिसलेल्या माणसासाठी. जो दिसला, त्याच्यासाठी मी एरवीही सावध असते.

तुझ्या गाडीचे आरसे इतके बाहेर का वळवलेले असतात?

बहुतेकांच्या बाजूच्या आरशात निम्मी स्वतःचीच गाडी दिसते. ती तर आपल्याला माहीतच आहे! जॉर्ज प्लॅट्झर या अभियंत्याने १९९५ मध्ये मांडलेली पद्धत मी वापरते. डोकं चालकाच्या खिडकीला टेकवायचं आणि त्या बाजूचा आरसा आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका बाहेर वळवायचा. मग डोकं दोन सीटच्या मधोमध आणून पलीकडचा आरसा तसाच लावायचा. सरळ बसल्यावर आरशात स्वतःची गाडी दिसत नाही, पहिले दोन-तीन दिवस चुकल्यासारखं वाटतं. मग लक्षात येतं की मागून येणारी गाडी आतल्या आरशातून नाहीशी होते न होते तोच बाजूच्या आरशात उगवते, आणि तिथून जाते ती थेट डोळ्याच्या कोपऱ्यात. मोटरसायकल मात्र तरीही निसटू शकते, म्हणून लेन बदलताना मान वळवतेच.

उतारावर न्यूट्रल केली तर पेट्रोल वाचतं ना?

इंधन इंजेक्शन असलेल्या गाडीत, म्हणजे इंजिनात किती इंधन सोडायचं ते संगणक ठरवतो अशा गाडीत, उलट आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की चाकंच इंजिनाला फिरवतात आणि इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला इंधन जाळावं लागतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक सुटतो, सगळा भार पायातल्या ब्रेकवर येतो आणि लांब घाटात ते तापून कमी लागायला लागतात. ही सवय आजच सोडा.

गेम खेळून गाडी चांगली चालवता येते का?

भाच्याने हे विचारलं तेव्हा त्याला ‘हो’ हवं होतं. थोडंसं हो आहे. ‘ग्रॅन टुरिस्मो’ खेळणाऱ्यांतून खऱ्या शर्यतीचे चालक शोधण्याची एक स्पर्धा होती. तिचा २०११ चा विजेता जॅन मार्डनबरो पुढे ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. मलाही शर्यतीच्या गेमने एक फार मोलाची गोष्ट शिकवली: नजर बॉनेटच्या पुढ्यात ठेवायची नाही, वळणातून बाहेर पडायचं त्या टोकावर ठेवायची. हात नजरेच्या मागे जातात. वळणदार रस्त्यावर मी हे केलं तेव्हा स्टिअरिंगला सारखे झटके देणं थांबलं.

पण गेममध्ये पोटात खड्डा पडत नाही. ताशी १५० आणि ताशी ८० यांतला फरक शरीराला कळत नाही, आणि चुकलं की पुन्हा सुरू करता येतं. त्यामुळे दोन तास शर्यत खेळून झाल्या झाल्या मी गाडीची किल्ली घेत नाही. त्या दिवशी सगळे रस्ते संथ वाटतात आणि पाय जड पडतो. अर्धा तास काहीतरी वेगळं करते, मग निघते.

ग्राफिक्स कमी करून का खेळतेस?

फ्रेम वाढाव्यात म्हणून. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद टिकतं, ६० असतील तर साडेसोळाच्या आसपास, १२० असतील तर आठ. पाण्यातलं सुंदर प्रतिबिंब मी पहिले पाच मिनिटं बघते. बटण दाबल्यावर पात्र ताबडतोब हललं की नाही, हे मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत जाणवत राहतं.

टीव्हीवर खेळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. भाऊ नवा टीव्ही घेऊन आला आणि दर उडीला खड्ड्यात पडायला लागला. त्याला वाटलं, हात बसला नाही अजून. मी कंट्रोलर घेतला, तर उडीचं बटण दाबल्यानंतर एक श्वासभर उशिराने पात्र उडत होतं. टीव्ही प्रत्येक चित्र गुळगुळीत करायला थांबवून ठेवत होता. सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू केला आणि त्याच खड्ड्यावरून तो पहिल्या फटक्यात पार गेला. आपण अनाडी आहोत असं ठरवण्याआधी यंत्र उशीर करतंय का ते बघावं, हे मी त्या दिवसापासून प्रत्येकाला सांगते.

मावशी, तू ‘ईझी’वर का खेळतेस?

मला गोष्ट पुढे बघायची असते म्हणून. ज्या गेमचं खेळणंच मला आवडतं, तिथे मी ‘हार्ड’ लावते. दोन्हींत कमीपणा काही नाही.

कंट्रोलर उलटा का लावतेस? वर ढकललं की खाली बघतं!

मी पहिल्यांदा विमानांचे गेम खेळले. विमानात दांडी मागे ओढली की नाक वर जातं. हाताला जे एकदा बसलं ते बसलं. तुमच्या हाताला सरळ बसलं असेल तर तेच ठेवा, आणि माझ्यानंतर खेळायला बसलात तर सेटिंग आधी बदलून घ्या.

फोनवर गेम का खेळत नाहीस?

सपाट काचेवर अंगठ्याला कड सापडत नाही. कीबोर्डवर एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात, आकड्यांच्या पाचवर असतो, म्हणून न बघता बोटं जागेवर बसतात. काचेवर अंगठा हळूहळू सरकतो आणि शेवटी गेमकडे बघायचं सोडून अंगठ्याकडे बघावं लागतं. पत्ते, कोडी, बुद्धिबळ फोनवर छान चालतं.

दुसरं कारण पैशांचं. आत काय निघेल हे न सांगता पेटी विकणारे गेम मला मान्य नाहीत. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायच्या अशा पेट्या जुगारात मोडतात असं ठरवलं, आणि मला तो निर्णय पूर्णपणे पटतो. लहान मुलांच्या हातात अशा पेट्या देऊ नका. पूर्ण गेम एकदाच विकत घेऊन द्या.

तुझा फोन कधी वाजतच नाही. मेसेज बघत नाहीस का?

माणसाने पाठवलेलं वाजतं, यंत्राने पाठवलेलं वाजत नाही. फोन आणि घरच्यांचे मेसेज चालू. सवलती, ‘तुमच्या मित्राने फोटो टाकला’, ‘आज खेळला नाहीत’ हे सगळं बंद. नवं ॲप पहिल्यांदा उघडल्यावर ते परवानगी मागतं, तेव्हाच ‘नको’ म्हणते. गरज पडली तर नंतर चालू करता येतं, पण आजवर तशी वेळ क्वचितच आली.

खाली सरकवत राहिलं तरी न संपणारी पानं माझ्यावरही चालतात, ते मी नाकारत नाही. अशी रचना २००६ मध्ये करणाऱ्या एझा रास्किन यांनीच पुढे तिच्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. पुस्तकाचं पान उलटताना हाताला क्षणभर थांबा मिळतो आणि त्या थांब्यात आपण ‘बास’ म्हणू शकतो. तो थांबाच इथे काढून टाकला आहे. म्हणून अशी ॲप मी पहिल्या पानावर ठेवत नाही. शोधून, नाव लिहून उघडावी लागतात. तेवढा थांबा मला पुरतो.

फोन ८० टक्क्यांवर चार्जिंगवरून का काढतेस?

लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत लवकर म्हातारी होते. बऱ्याच फोनमध्ये ८० टक्क्यांवर आपोआप थांबायची सोय असते, ती लावली की लक्ष ठेवावं लागत नाही. प्रवासाच्या आदल्या रात्री मी खुशाल १०० करते. बॅटरी आपल्यासाठी आहे. मात्र नकाशा चालू, चार्जर लावलेला आणि फोन डॅशबोर्डवर उन्हात, हे तिन्ही एकत्र टाळा. फोन एसीच्या झडपेसमोर लावला तर थंड राहतो.

पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलतेस का?

नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेनेही २०१७ मध्ये सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नये, कारण लोक शेवटचा एक आकडा तेवढा वाढवतात. प्रत्येक ठिकाणी वेगळा, लांब पासवर्ड आणि ते सांभाळायला पासवर्ड मॅनेजर. ही एकच जागा आहे जिथे हाताला पाठ नसलेलंच बरं.

बॅकअपवरून सगळ्यांच्या मागे का लागतेस?

कारण माझे आठ वर्षांचे फोटो एकाच हार्ड डिस्कवर होते आणि एका संध्याकाळी ती ‘टिक, टिक, टिक’ असा आवाज करून गप्प झाली. त्यात आईचे शेवटचे फोटो होते. काही बहिणीच्या फोनवर सापडले, बाकीचे गेले. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: हा जुना नियम आहे. आणि वर्षातून एकदा त्या प्रतीतला एखादा फोटो प्रत्यक्ष उघडून बघा. उघडला तरच तो बॅकअप.

मला गाडी शिकायची आहे. सुरुवात कुठून करू?

उभ्या गाडीपासून. इंजिन बंद, हँडब्रेक लावलेला. सीट अशी करा की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील. मग डोळे मिटा आणि शेजारी बसलेल्याला एकेक नाव घ्यायला सांगा: वायपर, डिप्पर, हॅझार्ड, हॉर्न, मागच्या काचेची हवा, तिसरा गिअर, रिव्हर्स. हात न चाचपडता जिथे जातो ते बरोबर, जिथे घुटमळतो ते पुन्हा. माझ्या भाचीला पहिल्या दिवशी हॅझार्डचं बटण सहा वेळा सापडलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिने ‘हॅझ’ एवढं ऐकलं आणि बोट बटणावर होतं. मग आम्ही किल्ली फिरवली.